फसल्याची बैठक

कळमनुरीच्या ‘पाणंद’ या सामाजिक संस्थेत नवा माणूस कामाला लागला की त्याला पहिल्याच दिवशी दोन गोष्टी सांगतात. एक, संडासाची कडी आतून नीट लागत नाही. दोन, शीतलताईंपुढं खोटं बोलू नका. पहिली गोष्ट हसत सांगतात, दुसरी सांगताना कुणी हसत नाही.

शीतल पाईकराव मूळची सेनगाव तालुक्यातल्या गोरेगावची. वडील जळबा हिंगोलीच्या मोंढ्यात हळदीची पोती उचलायचे, आई पद्माबाई दुसऱ्यांच्या रानात निंदायला-खुरपायला जायची. शीतलनं डी.एड. केलं, शिक्षकभरतीची वाट पाहिली, भरती काही निघेना. मग नांदेडला समाजकार्याची पदवी घेतली आणि ‘पाणंद’मध्ये लागली. आता ती चाळिशीला टेकली आहे. नवरा बुद्धभूषण मोबाइल दुरुस्तीचं दुकान चालवतो. बायकोच्या रागाबद्दल कुणी विचारलं तर म्हणतो, “घरी निम्माच येतो. निम्मा हापिसात संपतो.”

चिडली की तिचा आवाज चढत नाही, उतरतो. शब्द सुटे सुटे पडायला लागतात आणि समोरच्याला आपली खुर्ची मागं सरकवावीशी वाटते. उशीर, आळस, हिशेबातली गडबड यावर ती फारशी चिडत नाही. फसलेलं काम कुणी जमलं म्हणून सांगितलं की मात्र तिचं डोकं फिरतं.

आणि तिच्या क्षेत्रात असं सांगण्याची चालच पडून गेली होती. दरवर्षी कुठलं ना कुठलं प्रशिक्षण यायचं. गोल करून उभं राहायचं, दोऱ्याचा गुंडा एकमेकांकडं फेकायचा, रंगीत कागदांवर आपल्या अपेक्षा लिहून भिंतीला चिकटवायच्या. शेवटी सगळे म्हणायचे, “खूप शिकायला मिळालं.” एकदा परभणीच्या प्रशिक्षणात शीतलनं शेजारच्या बाईंना विचारलं, “काय शिकलात? एकच सांगा.” त्या बाई ओशाळल्या. प्रशिक्षक म्हणाले, “ताई, वातावरण जरा हलकं ठेवू या.” शीतल जेवणाच्या सुट्टीत बॅग उचलून एसटी स्टँडवर गेली ती परत आलीच नाही.

संस्थेचे प्रमुख शिवशंकर सर. माणूस वाईट नव्हता. तरुणपणी जुन्या मोटरसायकलवर गावं पालथी घालून त्यांनी ही संस्था उभी केली होती. पण आता त्यांचा सगळा वेळ मदत देणाऱ्या मुंबई-पुण्याच्या लोकांना राजी ठेवण्यात जायचा. दहा-पंधरा घरांच्या चुली आपल्यावर आहेत, याची ते प्रत्येक वादात आठवण करून द्यायचे.

संगिताचं प्रकरण झालं ते दिवाळीनंतर. आखाडा बाळापूरच्या बाजूला माळावर एक तांडा आहे. दिवाळी झाली की तिथली निम्मी घरं बंद होतात, माणसं ऊसतोडीला जातात. मोहनसिंग आणि त्याची बायको दरसाल जायचे. त्यांची पोरगी संगिता नववीत होती, पंधरा वर्षांची. तिचं लग्न ठरल्याची खबर शीतलला लागली. तिनं नियमानं करायचं ते केलं, सरकारी साहेब लोकांना कळवलं. मांडवाच्या दिवशी पोलिसांची जीप तांड्यात शिरली. पोरगी अठराची होईपर्यंत लग्न लावणार नाही असं मोहनसिंगकडून लिहून घेतलं, पाव्हणे उपाशीपोटी परत गेले. शिवशंकर सरांनी संगिताचा दप्तर घेतलेला फोटो काढला. तो वार्षिक अहवालाच्या मुखपृष्ठासाठी निवडला गेला.

काही आठवडे गेले. शीतल एका गावातून प्रेमसिंगच्या मोटरसायकलवर मागं बसून परत येत होती. प्रेमसिंग राठोड संस्थेचा कार्यकर्ता, शेजारच्या तांड्यातला. चहाला थांबले तेव्हा तिनं सहज विचारलं, “संगिता शाळेत जाते ना?”

प्रेमसिंगनं कप खाली ठेवला. “न्हाई ताई. तिला संगं नेलं. कारखान्याकडंच एका देवळात लगन लावलं. आता नवऱ्यासंगं मोळ्या बांधून राहिली.”

“तुम्हाला कधी कळलं?”

“झाले पंधरा दिवस.”

“मग सांगितलं काहून न्हाई?” शीतलचा आवाज उतरला होता.

“कुठं सांगू?” प्रेमसिंगही तापला. “सोमवारच्या बैठकीत सर इचारतात, या आठवड्यात चांगलं काय झालं? वाईट सांगायला आपल्याकडं जागाच न्हाई, ताई. तुमीच दाखवा, कोणत्या बैठकीत सांगायचं होतं?”

ती उठली. थेट कार्यालयात गेली, सरांच्या खोलीत, आणि उभ्यानंच सगळं सांगितलं.

सरांनी हातातलं पेन खाली ठेवलं. मग म्हणाले, “वाईट झालं. पण शीतल, अहवाल छापायला गेलाय. आणि लग्न आपण थांबवलं होतंच ना? पुढचं आपल्या हातात नाही.”

“आपण लग्न थांबवलं न्हाई, सर. फक्त जागा बदलली. इथं लागणार होतं, तिथं लागलं. इथं निदान तिची आजी तरी संगं होती.”

“मग काय मुखपृष्ठावर छापू हे?”

“मुखपृष्ठ गेलं खड्ड्यात,” शीतल म्हणाली आणि बाहेर आली.

अहवाल छापून आला. दप्तर घेतलेली संगिता त्यावर हसत होती. शीतलनं आपली प्रत फाडली नाही, पण घरीही नेली नाही.

त्यानंतर तिनं बैठक सुरू केली. कळमनुरीच्या बाजाराच्या दिवशी गावातली माणसं बाजाराला येतात, कार्यकर्त्यांना काम कमी असतं. त्या दुपारी कार्यालयामागच्या कोठीत, बियाण्यांच्या थैल्यांवर सगळे बसायचे. प्रत्येकानं आपलं फसलेलं एक काम सांगायचं. त्यात आपला हात किती होता तेही सांगायचं. आणि ‘लोकांची मानसिकता’ हे दोन शब्द कुणी उच्चारायचे नाहीत. शीतलनं तिला काहीच नाव दिलं नव्हतं, पण लोक आपसूक ‘फसल्याची बैठक’ म्हणू लागले.

पहिल्या दिवशी कुणी तोंड उघडलं नाही. तेव्हा तिनंच सुरुवात केली. जीप आपण बोलावली, त्याआधी त्या घरात एकदाही बसलो नाही, असं ती म्हणाली. प्रेमसिंग म्हणाला, “मला लगनाचं आधीपासून ठाऊक होतं. आपल्याच माणसांत वाईट कशाला व्हायचं, म्हणून गप बसलो.” हे ऐकून शीतल त्याच्यावर अशी भडकली, की बाकीचे उठून जायला निघाले. “बसा,” प्रेमसिंगच म्हणाला. “बोलू द्या त्यांना. मी ऐकून राहिलो ना.”

दुसऱ्या आठवड्यात दोघं तांड्यात गेले, संगिताच्या आजीकडं. मिराबाई ओट्यावर तूर पाखडत बसली होती. शीतलला पाहताच तिनं सूप बाजूला आपटलं.

“आता काय आणलं? आता कोणती गाडी आणली?”

“गाडी न्हाई आणली, आजी. ऐकायला आले.”

“मग ऐक. आख्ख्या तांड्यापुढं माझ्या लेकाला चोरावानी उभं केलं. पोरीला घरी ठिवून जा म्हणलात. कोणापाशी ठिवायची? मला सांजंपासून दिसत न्हाई. दाराला कडी न्हाई. एकटी पोर घरात राहिली की लोक काय बोलतात ते तुला कोण बोलत न्हाई, बाई, मला बोलतात. मोहनसिंगला का हौस होती? सांग की! ठिवायची तर कोणापाशी?”

मिराबाईनं पाणीसुद्धा विचारलं नाही. परत येताना प्रेमसिंग म्हणाला, “म्हातारी लई बोलली.” शीतल म्हणाली, “बराबर बोलली.”

तो प्रश्न तिनं बैठकीत जसाच्या तसा मांडला. त्यावर तीन-चार बाजारांच्या दुपारी भांडण चाललं. वसतिगृह काढावं, शाळेत ठेवावं, आईबापांना दम द्यावा, सगळं बोलून झालं आणि सगळ्यात खोट निघाली. त्या भांडणातूनच कधीतरी निघालं की मिराबाई एकटी नाही. हंगामात तांड्यात अशा कितीतरी म्हाताऱ्या मागं राहतात, प्रत्येकीपाशी एखादी नात असते, आणि प्रत्येक जण आपापल्या घरात एकटीच भीत बसलेली असते. त्या सगळ्या एकाच घरात राहिल्या तर? हे आधी कोण म्हणालं ते कुणालाच आठवत नाही. नंतर प्रत्येकाला वाटायचं, आपणच म्हणालो.

पुढच्या हंगामात त्या तांड्यात पहिलं आजीघर उघडलं. तेही आधी फसलंच. संस्थेनं बाहेरून एक बाई ठेवली होती. ती सात वाजता दाराला कुलूप लावायची आणि भाजीत साखर घालायची. म्हाताऱ्यांनी तिला आठवड्यात पळवून लावलं. हेही बैठकीत आलं. मग किल्ली म्हाताऱ्यांकडंच दिली, चूल त्यांचीच, रागावणं त्यांचंच. संस्थेनं फक्त धान्य, दिवे आणि शाळेपर्यंत जीप एवढंच बघायचं ठरलं. ते जमलं. त्या साली हंगामाआधी तांड्यात पोरींची लग्नं झाली नाहीत. एकीचं मात्र झालं. तेही शीतलनं कोठीत सगळ्यांपुढं सांगितलं.

गोष्ट शिवशंकर सरांपर्यंत गेली आणि तिथून पुण्याला. पुण्यात सामाजिक संस्थांचं नवोपक्रमांचं मोठं संमेलन होतं. सरांनी पडद्यावर दाखवायची चित्रं करून घेतली: आधी समस्या, मग कल्पना, मग उत्तर, आणि शेवटी वर जाणारा बाण. शीतलनं बघितलं. “यात संगिता कुठंय?”

“तिचं काय दाखवणार? आपल्याला आजीघर दाखवायचंय.”

“आजीघर तिच्यामुळं झालं, सर. पोलिसांची जीप, मिराबाईची बोलणी, ती बाहेरची बाई, हे सगळं काढून टाकलं तर लोकांना वाटेल आपल्याला सपान पडलं होतं.”

“शीतल, पाच मिनिटं असतात तिथं.”

ती पाच मिनिटं बोलायची होती शीतललाच. ती व्यासपीठावर चढली, बाणाचं चित्र मागं लागलेलं, आणि तिनं संगिताची गोष्ट सांगितली. नावानिशी, तांड्यानिशी. नीट सांगता आली नाही. रागानं तिला दम लागत होता, मध्येच शब्द सापडेना. शेवटी ती म्हणाली, “आम्ही एका पोरीचं वाटोळं करून हे शिकलोय. त्या बाणाकडं बघू नका.”

आणि मग टाळ्या. लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. सूत्रसंचालन करणाऱ्या बाई डोळे पुसत पुढं आल्या. “किती धाडस! आपणही आज आपलं अपयश साजरं करू या.” लगेच सगळ्यांना पिवळ्या चिठ्ठ्या वाटल्या गेल्या. आपलं अपयश लिहा आणि भिंतीवर लावा. शीतल खाली उतरून त्या भिंतीपाशी गेली. एकानं लिहिलं होतं, मी गरजेपेक्षा जास्त काम करतो. एकीनं लिहिलं होतं, मी फार हळवी आहे.

तिनं जवळच्या चार चिठ्ठ्या उपटल्या, चुरगळल्या आणि कचऱ्याच्या टोपलीत टाकल्या. तेवढ्यात सर धावत आले. चेहरा फुललेला. “शीतल, मंजूर झाली! चाळीस आजीघरं, येत्या हंगामात! तुझ्या भाषणानं काम केलं.”

“चाळीस तांडे कोणते?”

“ते बघू की.”

“त्यांनी मागितलीत का?”

“शीतल,” सर म्हणाले, “आज तरी चिडू नकोस.”

उन्हाळ्यात ऊसतोडीची माणसं परतली. शीतल तांड्यात गेली तेव्हा संगिता आजीच्या ओट्यावर होती. कडेवर लेकरू. चेहरा उन्हानं रापलेला, हाताला पाचटाचे ओरखडे. शीतलला वाटलं, पोरगी बोलणार नाही. पण ती आधीच बोलली.

“तुमी माझं नाव घेतलं म्हणं पुण्याला.”

शीतल थबकली. संमेलनाची चित्रफीत मोबाइलवरून फिरत फिरत तांड्यात आली होती, हे तिला तेव्हा कळलं.

“माझ्या सासरच्यांनी बी पाह्यलं. वाटोळं झालेली पोरगी म्हणलात. टाळ्या बी पडल्या.”

“चुकलं माझं, संगिता.”

“तुमी चुकता,” संगिता म्हणाली. तिचा आवाजही शीतलसारखाच खाली खाली येत होता. “चुकता, मग बैठक घेता, मग शिकता. बराबर हाय. मी कुठं बैठक घेऊ?”

शीतल तिथून निघाली आणि रस्त्यापर्यंत पायी आली. जीपमध्ये कुणीतरी तिला नमस्कार केला, तिला तो दिसलाही नाही. त्या आठवड्यात बुद्धभूषणला कळलं की हापिसात संपणारा निम्मा राग या खेपेला संपला नाही, पुरा घरी आला आहे, आणि तो कुणा दुसऱ्यावर नाही.

सोमवारी ती सरांना सगळ्यांदेखत म्हणाली, “तांड्यानं मागितलं तरच मी घर उघडीन. एक असो नाहीतर दोन.”

“मग चाळीस कोण उघडणार?”

“कुणी उघडू नये.”

“दहा-पंधरा घरांच्या चुली आहेत, शीतल. तुला पटत नसेल तर मोकळी आहेस.”

“मी गेले तर तुम्हाला बरं वाटंल,” शीतल म्हणाली. “म्हणून जाणार न्हाई.”

सरांनी ते काम तिच्याकडून काढून घेतलं आणि नव्या व्यवस्थापकाकडं दिलं. पोरगा हुशार होता, मेहनतीही होता. दिवाळीच्या आत घरं रंगली, पाट्या लागल्या, फिती कापल्या. म्हाताऱ्यांना मात्र कुणी विचारलंच नव्हतं. कितीतरी घरांत कुणी राहायला आलंच नाही. एकात लोकांनी गुरांसाठी सोयाबीनचं कुटार भरलं. एका ठिकाणी पोरी आल्या, पण त्यांच्याबरोबर राहणारी घरातली म्हातारी एकही नव्हती. संक्रांतीच्या सुमारास तिथल्या एका पोरीला बाप कारखान्यावरून येऊन घेऊन गेला, आणि तिचंही लग्न लागलं. संस्थेच्या घरातून.

आपलं खरं ठरलं याचा शीतलला आनंद झाला असता तर बरं होतं. तिनं बैठकीत तांब्या भिंतीवर फेकला. तिच्या आयुष्यात तिनं फेकलेली ती पहिली वस्तू.

पुढच्या बाजारच्या दिवशी शिवशंकर सर कोठीत आले. आजवर ते कधीच आले नव्हते. थैलीवर बसले. बराच वेळ दुसऱ्यांचं ऐकलं. मग म्हणाले, “मी घाई केली.”

“घाई माणूस एसटी पकडायची करतो, सर,” शीतल म्हणाली. “तुम्हाला माहीत होतं. मी सांगितलं होतं, मिराबाईनं त्याच्याआधी सांगितलं होतं. माहीत असून केलं, त्याला घाई म्हणू नका.”

सरांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. “बरं,” ते म्हणाले. “माहीत असून केलं.”

पुढचं सोपं नव्हतं. सरांनी पुण्याला जाऊन खरं सांगितलं. या वेळी टाळ्या पडल्या नाहीत. मदत निम्म्याहून खाली आली. नव्या व्यवस्थापकाची नोकरी गेली, आणखी एका कार्यकर्तीची गेली. ती बाई आजही बाजारात शीतल दिसली की वाट बदलते. शीतल तिला दोष देत नाही.

त्या उन्हाळ्यात बैठक कोठीतून उचलली आणि मिराबाईच्या तांड्यात भरवली. ही शीतलची मागणी होती. ज्यांच्यावर आपण शिकतो त्यांच्यापुढं बसून सांगा, असं तिचं म्हणणं. चिंचेखाली सतरंजी टाकली. तांड्यातल्या बाया आल्या, थोडे गडीही आले. कार्यकर्ते चाचरत चाचरत बोलले. म्हाताऱ्या बोलल्या तेव्हा कुणी चाचरलं नाही. सर मध्येच समजावून सांगायला लागले, तर शीतल म्हणाली, “सर, आज नुसतं ऐका.”

संगिता बाजूला उभी होती, लेकराला थोपटत. बसली नाही. बैठक उठायच्या बेतात होती तेव्हा ती म्हणाली, “मला एक सांगायचंय.”

सगळे थांबले.

“माझं लगन ठरवताना मला बापानं इचारलं न्हाई. मोडताना तुमी इचारलं न्हाई. दप्तर हातात दिलं, फोटो काढला. तवा बी कुणी इचारलं न्हाई.”

मोहनसिंग तिथंच होता. तो जमिनीकडं बघत राहिला. सरही.

शीतलनं विचारलं, “विचारलं असतं तर काय म्हणाली असतीस?”

“ते आता काहून सांगू?” संगिता म्हणाली आणि लेकराला घेऊन घरात गेली.

आता ‘पाणंद’चे लोक लग्नाची खबर लागली की आधी पोरीला गाठतात, एकटीला, आईबापांच्या आणि साहेबांच्याही आधी. आजीघरं सहा आहेत, सगळी मागून घेतलेली. तांड्यात दर उन्हाळ्यात बैठक भरते, आणि संगिता कधी येते, कधी येत नाही. तांड्यातल्या त्या पहिल्या बैठकीहून मात्र सगळे जीपनं परतत होते. बाळापूरच्या चौकात प्रेमसिंगनं शीतलला विचारलं, “ताई, चहा घ्यायचा का?” शीतल बाहेर बघत म्हणाली, “न्हाई,” आणि ड्रायव्हरनं गाडी तशीच पुढं काढली.